चतुर्थीला गावी येणाऱ्या चित्रकार-शिल्पकारांना

सिंधुदुर्गातून मुंबई, पुणे, पणजी, बडोद्याला गेलेल्या आणि तिथे रंग, माती, धातू, कॅमेरा किंवा संगणक यांवर संसार चालवणाऱ्या सगळ्या कलावंतांना,



भाद्रपद जवळ आला की तुमची तिकिटं निघतात. तुतारी, कोकणकन्या, नाहीतर रात्रीची बस. तुम्ही येता, माटवी बांधता, भजनाला बसता आणि दीड, पाच किंवा सात दिवसांनी पुन्हा निघता. वर्षभर रिकाम्या असलेल्या वाडीत या दिवसांत जाहिरात संस्थेतला कलादिग्दर्शक, सिनेमाचे सेट उभारणारा, ओतकामाच्या भट्टीपाशी आयुष्य काढलेला शिल्पकार आणि मासिकांसाठी चित्रं काढणारी मुलगी, असे सगळे हाकेच्या अंतरावर असतात. मी मालवण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. तुमच्या त्या सुट्टीतला एक दिवस मागण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. देणगी नको, शाल-श्रीफळाचा कार्यक्रमही नको.

आमच्या मुलांचे आईवडील कलेच्या विरोधात असतात, असं शहरात बसून वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. मुलगी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत अ श्रेणी घेऊन येते तेव्हा घरात आनंदच असतो. दहावीच्या गुणपत्रिकेत त्याचे सात गुण वाढतात, ब श्रेणीला पाच आणि क श्रेणीला तीन. पुढे मी फाउंडेशनचं, ए. टी. डी.चं किंवा बारावीनंतरच्या चार वर्षांच्या बी. एफ. ए.चं नाव काढते, तेव्हा वडील शांतपणे ऐकून घेतात. खर्च विचारतात, वसतिगृह विचारतात. आणि मग हमखास एक प्रश्न येतो, ‘थंय वळखीचा कोण आसा?’

या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नसतं. नर्सिंगला गेलेल्या मुलीची मावशी ठाण्याच्या इस्पितळात असते, आयटीआय केलेल्या मुलाचा चुलता गोव्याच्या कारखान्यात असतो. चित्रकलेत मात्र आमच्या पालकांना एकही चेहरा दिसत नाही. तुम्ही तिथे आहात, पण त्यांना तुम्ही दिसत नाही. गावात आलात की तुम्ही ‘मुंबईक असता’ एवढंच लोकांना ठाऊक. दिवसभर तुम्ही नेमकं काय करता, हे तुमच्या शेजारच्या घरालाही माहीत नसतं.

अशा ओळखीने काय होतं, याचं एक उदाहरण घ्या. सावळाराम लक्ष्मण हळदणकर आपल्याच सावंतवाडीचे. जन्म १८८२ चा. शाळकरी मुलाचा हात मुख्याध्यापकांच्या नजरेत भरला, संस्थानाने मदत केली आणि १९०३ मध्ये तो मुलगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. त्या काळी तिथे म. वि. धुरंधर शिकवत होते आणि तेही कोल्हापूरहून आलेले होते. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. कितीतरी लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. ते हळदणकरांचं आहे आणि त्यासाठी त्यांची स्वतःची मुलगी दिवा घेऊन उभी राहिली होती. पण या पत्राच्या दृष्टीने मला त्यांच्या आयुष्यातल्या दुसऱ्याच दोन तारखा मोलाच्या वाटतात. १९०८ मध्ये, म्हणजे स्वतः विद्यार्थी म्हणून मुंबईत आल्यावर अवघ्या पाच वर्षांनी, त्यांनी तिथे चित्रकलेची शिक्षणसंस्था सुरू केली. १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन करणाऱ्यांत ते होते. ज्याला कुणीतरी हात धरून मुंबईला पोचवलं, त्याने आधी मागून येणाऱ्यांची सोय केली.

दुसरं उदाहरण आमच्या मालवणच्या दारातलं आहे. राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, उभा राहिलेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. ते दिवस मालवणकर विसरणार नाहीत. त्याच्या राजकारणात मी शिरत नाही. पण वर्गात मुलांनी मला जे विचारलं ते सांगायला हवं. पुतळ्याच्या आत काय असतं? वाऱ्याचा जोर कसा मोजतात? खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं, हे इथल्या प्रत्येक होडीवाल्याच्या मुलाला ठाऊक आहे. मग त्यासाठी शिल्पकार काय करतो? मी सांगाडा, मातीचं काम, साचा, ओतकाम हे टप्पे फळ्यावर काढून दाखवले. पुस्तकातून येतं तेवढंच मी देऊ शकले. एखाद्या ओतशाळेत हात भाजून घेतलेला माणूस त्या आठवड्यात वर्गात आला असता, तर त्या मुलांतल्या दोघा-तिघांचं पुढचं ठरून गेलं असतं, अशी माझी खात्री आहे.

२०२५ च्या मे महिन्यात तिथे नवा कांस्य पुतळा उभा राहिला, तो राम सुतार यांच्या स्टुडिओकडून. सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावचे, घरची परिस्थिती बेताची. त्यांना श्रीराम कृष्ण जोशी नावाचे गुरुजी भेटले. त्यांनीच या मुलाला जे. जे.ला जायला लावलं. १९५३ मध्ये तो तिथून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला. पुढे काही वर्षं पुरातत्त्व खात्यात वेरूळ-अजिंठ्याच्या मूर्तींच्या डागडुजीचं काम केलं आणि मग दिल्ली. सावंतवाडी आणि गोंदूर यांच्यात अर्ध्या महाराष्ट्राचं अंतर आहे, काळातही चाळीस-पन्नास वर्षांचा फरक आहे. तरी गोष्ट तीच. एका मोठ्या माणसाने एका मुलाकडे नीट पाहिलं, कुठे जायचं ते नावानिशी सांगितलं आणि जाण्याची व्यवस्था केली.

आजकाल मुलांना ‘तुझं ध्येय काय?’ असं विचारायची पद्धत पडली आहे. करिअर मार्गदर्शनाचे वर्ग होतात, तक्ते भरून घेतात. पंधरा-सोळा वर्षांचं मूल अशा तक्त्यात ‘मोठा चित्रकार’ असं लिहितं, कारण त्याला दुसरं काही माहीत नसतं. आपण कशासाठी आहोत हे मुलाला काम पाहताना आणि काम करताना कळतं, आणि त्याची उत्तम जागा आपल्याकडे आधीच आहे. गणपतीची शाळा, म्हणजे गावातल्या मूर्तिकाराची कार्यशाळा.

तुमच्यातल्या निम्म्या जणांनी तरी पहिला ब्रश तिथेच धरला असेल. आषाढ-श्रावणात घरोघरचे पाट शाळेत जातात. कुणाचा गणपती किती उंच, कोणत्या बैठकीचा, ते वर्षानुवर्षं ठरलेलं असतं. मुलं शाळा सुटली की तिथे जाऊन बसतात. आधी माती मळायची, मग साच्यातून हात-पाय काढायचे, ओल्या फडक्याने अंग गुळगुळीत करायचं, पाटाच्या कडा रंगवायच्या. पितांबर कधी हातात येईल ते मूर्तिकार ठरवतो. आणि डोळ्यांची आखणी तो स्वतःच करतो, अगदी शेवटी. तेव्हा शाळेत कुणी मोठ्याने बोलत नाही. या क्रमात एखाद्या मुलाला समजतं की आपला जीव रंगात नाही, मातीत आहे. एखादीला समजतं की आपल्याला दागिन्यांची बारीक नक्षी करताना वेळेचं भान राहत नाही. हे कोणत्याही तक्त्यातून बाहेर येणार नाही.

अडचण पुढे आहे. गणपतीच्या शाळेत कळलेली गोष्ट बाहेरच्या जगात कोणत्या कामाला जोडायची, हे तिथल्या मूर्तिकारालाही माहीत नसतं. माझ्याकडे एक मुलगी आहे. ती सकाळी आईबरोबर बंदरावर लिलावाला जाते आणि मासे काढते. सुरमई, सौंदाळा, मोरी, पेडवे. कल्ले, परांची काटेरी टोकं, खवल्यांची रांग, सगळं जागच्या जागी. बाकीची मुलं तिला म्हणतात, तू देखावे का काढत नाहीस? शास्त्रीय ग्रंथांसाठी प्राण्यांची चित्रं काढणं हे स्वतंत्र काम आहे हे मी तिला सांगितलं. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीबद्दल सांगितलं. पक्षी, साप, फुलं यांच्या अचूक चित्रांना त्या संस्थेच्या प्रकाशनांत पूर्वीपासून मान आहे. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा तिचा विषय तिच्या अंगणातच पडला आहे. तिचे डोळे चमकले. पण त्यापुढे माझी वाट संपते. अशी चित्रं काढणारी एक व्यक्ती तिच्यासमोर बसून, ‘हे चांगलं आहे, इथे पराचे काटे मोजायला हवे होते, पुढच्या वेळी मोजपट्टी घेऊन बस,’ असं म्हणाली असती तर? ती व्यक्ती तुमच्यात असेल, किंवा तुमच्या ओळखीत असेल. ती मला हवी आहे.

असंच संग्रहालयातल्या जुन्या चित्रांची डागडुजी करणाऱ्यांचं, नाटकाचं नेपथ्य करणाऱ्यांचं, अक्षरांचे टाइप घडवणाऱ्यांचं. ही कामं आमच्या मुलांनी ऐकलेलीच नाहीत. तेरेखोलच्या पलीकडून, गोव्यातून, दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर मुंबईला गेले आणि मराठी घरांतल्या कॅलेंडरांना, दिवाळी अंकांना त्यांनी चेहरा दिला. ते पोट भरण्याचं काम होतं आणि कलाही होती. मुलांना हे दोन्ही एकदम दिसायला हवं.

आता पैशाविषयी. तुम्ही आलात तर कृपा करून कलेच्या साधनेवर फार बोलू नका. ते आम्ही शिक्षक बोलतोच. तुम्ही दर सांगा. पहिल्या कामाचे किती मिळाले, आज किती मिळतात, आगाऊ किती घेता, बुडवलेले पैसे कसे वसूल केले किंवा का सोडून दिले. चित्राचा फोटो कसा काढायचा, दहा चांगली चित्रं निवडताना बाकीची चाळीस कशी बाजूला ठेवायची.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा ठरला आणि आज किनाऱ्यावर होमस्टेच्या भिंती रंगवून देण्याची कामं मुलांना मिळू लागली आहेत. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने अशीच एक भिंत रंगवली, किल्ला, होड्या, रापण ओढणारी माणसं. रंगाचा खर्च आणि दोन वेळचं जेवण, एवढ्यावर. पुढे तेच चित्र मालकाने टी-शर्टवर छापून विकलं. मुलगा भांडायला गेला तर त्याच्याकडे कागदाचा चिटोराही नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून भिंतीला ब्रश लावण्याआधी चार ओळी लिहून घ्यायच्या असतात. हे तुमच्यातला प्रत्येक जण कधी ना कधी ठेच लागून शिकला आहे. आमच्या मुलांना ती ठेच वाचवता आली तर वाचवा.

प्रदर्शनांचंही तेच. राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांसाठी वेगळा विभाग असतो. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे, तिचं वार्षिक प्रदर्शन होतं. जहांगीरमध्ये पावसाळ्यात तरुणांची चित्रं लागतात. हे सगळं मी वर्गात सांगते. मग मुलगा विचारतो, चित्र मुंबईला पोचवणार कोण आणि निवड झाली नाही तर परत आणणार कोण? काच फुटली तर? चाकरमान्यांच्या घरी आंब्याच्या पेट्या पोचतात, फणस पोचतो, तर एक माउंट केलेलं चित्र का पोचू नये? दादरला, डोंबिवलीला, विरारला तुमच्यापैकी एकाने ‘चित्रं माझ्या घरी ठेवा, मी नेऊन देईन,’ एवढं म्हटलं, तर कितीतरी प्रवेशिका इथून निघतील. ओळखीपाळखी वाढवा असं सगळे सांगतात. आमच्या मुलांच्या बाबतीत त्यांची सुरुवात अशा एका पत्त्यापासून आणि फोन नंबरापासून होते.

मुलींचं थोडं वेगळं लिहायला हवं. वर्गात मुली जास्त मेहनती असतात आणि बारावीनंतर त्याच जास्त गळतात. घरच्यांना भीती असते ती शहराची. जी मुलगी इथून गेली, वसतिगृहात राहिली, शिकली आणि आज स्वतःच्या कमाईवर उभी आहे, तिने माझ्या विद्यार्थिनीच्या आईशी ओसरीवर बसून अर्धा तास बोलावं. माझ्या दहा पालकसभांपेक्षा त्याचा उपयोग मोठा.

मी सगळ्यांना मुंबईला पाठवा म्हणते असा गैरसमज नको. सावंतवाडीत बांदेकर फाइन आर्ट महाविद्यालय आहे, रत्नागिरी जिल्ह्यात सावर्डे आणि देवरुखला कला महाविद्यालयं आहेत, पणजीला आल्तिनोवर गोवा कला महाविद्यालय आहे. आणि महाविद्यालयाबाहेरही गुरू आहेत. कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात ठाकर समाजाच्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महामार्गावरून कितीतरी गाड्या पिंगुळीवरून पुढे जातात, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या कला शिकणाऱ्या मुलांनी चित्रकथीचं एकही मूळ पान हातात घेतलेलं नसतं.

सावंतवाडीच्या गंजिफाचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळाच्या पत्त्यांचं, उदाहरण तर पुन्हा पुन्हा सांगण्यासारखं आहे. दशावतारी गंजिफाचा संच एकशे वीस पानांचा, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं, सगळी गोल. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही कला जाणणारे हात जवळजवळ संपले होते. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी उरलेल्या वयस्कर चिताऱ्याकडून ती समजून घेतली, राजवाड्यातच काम सुरू केलं आणि तरुण मुलामुलींना शिकवून रोजगार दिला. संस्थान होतं तेव्हा हळदणकरांना बाहेर पाठवणारं आणि संस्थान गेल्यावर गंजिफा इथेच जगवणारं, अशी दोन्ही कामं एकाच गावात झाली आहेत. बाहेर जाणाऱ्याला वाट आणि राहणाऱ्याला काम, आम्हाला दोन्ही हवं.

तुमच्यातले काही म्हणतील, आम्हाला कुठे कुणी मदत केली? फुटपाथवर झोपून शिकलो, स्वतःच्या हिमतीवर झालो. मी त्या कष्टांपुढे मान झुकवते. पण तुमच्याबरोबर गाडीत बसलेले आणि वर्षभरात परत आलेले जे होते, त्यांच्यापैकी काहींच्या हातात तुमच्याइतकीच ताकद होती. त्यातले काही आज इथे दुकानांच्या पाट्या रंगवतात, काहींनी तेही सोडलं. त्यांना मी रोज भेटते. कष्टाने माणूस घडतो हे खरं, पण फुटपाथ हा अभ्यासक्रमाचा भाग असावा असं मला वाटत नाही.

काही म्हणतील, वेळ नाही. म्हणून मी एकच दिवस मागते. तोही शाळेच्या सभागृहात नको. गावातल्या गणपतीच्या शाळेत, किंवा मालवणात नाथ पै सेवांगणासारख्या ठिकाणी, किंवा तुमच्याच खळ्यात. गौरी-गणपती गेल्यानंतरचा एक दिवस ठेवा, परतीच्या आदला. मी आणि माझ्यासारखे कलाशिक्षक मुलांना घेऊन येऊ. प्रत्येकाकडे दहा चित्रं किंवा मातीकामाचे फोटो असतील, मागे नाव, माध्यम आणि आकार लिहिलेला असेल. भाषण, दीपप्रज्वलन काही नसेल. तुम्ही एकेकाचं काम पाहा. जे वाईट आहे ते वाईट म्हणा, मुलं रडणार नाहीत आणि रडली तरी सांभाळायला आम्ही आहोत. पालकांना मागच्या बाजूला बसवू, म्हणजे त्यांना तुमचा चेहरा दिसेल.

आणि त्यातलं एक मूल निवडा. सगळ्यांत हुशार असलंच पाहिजे असं नाही, ज्याचं काम तुमच्या कामाच्या जवळ जातं ते. त्याला मे महिन्यात तुमच्या स्टुडिओत, कार्यशाळेत, कार्यालयात महिनाभर बोलवा. फुकट राबवू नका. जेवणखाण, लोकलचा पास आणि हातात थोडे पैसे द्या. मेहनतीला मोल असतं हेही ते तुमच्याकडूनच शिकेल. ब्रश धुवायला लावा, ग्राहकाचा फोन कसा घेता ते ऐकू द्या, काम नाकारलं गेल्यावर तुम्ही काय करता ते पाहू द्या. महिन्याच्या शेवटी ते मूल घरी येऊन ‘हे आपलं नाही’ म्हणालं, तरी तो महिना वाया गेला असं मी मानणार नाही. सोळाव्या वर्षी हे कळलं तर चांगलंच.

आमच्या बाजूने काय करू तेही लिहून ठेवते. मूल पाठवण्याआधी घरच्यांची लेखी संमती घेऊ. मुलीबरोबर लागल्यास पहिल्या दिवशी मी स्वतः येईन. परत आल्यावर त्या मुलाने काय पाहिलं ते वर्गापुढे सांगायचं, म्हणजे एकाचा महिना चाळीस जणांना मिळेल. कोण कुठे गेलं, पुढे काय झालं, याची वही शाळेत राहील. माझी बदली झाली किंवा मी निवृत्त झाले तरी ती वही पुढच्या शिक्षकाला मिळेल.

तेव्हा तिकीट काढाल त्याच दिवशी तुमच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एक फोन करा किंवा दोन ओळी लिहा. काय काम करता, गावात कोणत्या तारखेपर्यंत आहात आणि कोणता दिवस देऊ शकता, एवढंच. श्रावण संपायच्या आत कळलं तर मुलांना चित्रं निवडायला पुरेसा वेळ मिळेल.

आपली,
मालवण तालुक्यातील एक कलाशिक्षिका